ओसरीवरचा कुत्रा घरात आला तेव्हा: पाळीव प्राण्यांसह निरोगी राहण्यासाठी बडोद्यातील कुटुंबांना सविस्तर मार्गदर्शन

दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या वाड्यात कुत्रा ओसरीची पायरी ओलांडत नसे. त्याची ताटली वेगळी होती, त्याचे पोते जिन्याखाली असे, आणि त्याला हात लावलेल्या माणसाने पाय धुतल्याशिवाय स्वयंपाकघरात येऊ नये हा आजीचा नियम सगळे पाळत. तो नियम सोवळ्याचा होता, आरोग्याचा नव्हता. पण त्या अंतरामुळे आरोग्याचे रक्षण आपोआप होत असे. आता वाडा गेला, मांजलपूरमध्ये तिसऱ्या मजल्यावर तीन खोल्यांचा फ्लॅट आला, आणि कुत्रा पलंगाच्या पायथ्याशी झोपू लागला. मुले त्याला भाऊ म्हणतात, आई त्याच्यासाठी वेगळा भात लावते. हे सगळे मला मनापासून आवडते. मात्र अंतराने जे काम नकळत केले जात होते, ते आता आपल्याला समजून-उमजून करावे लागते, आणि हा लेख त्याच कामाविषयी आहे.

प्राण्यांपासून माणसाला होणाऱ्या रोगांविषयी आपल्याकडे दोन टोकाच्या वृत्ती दिसतात. एका घरात मांजराचा केस दिसला तरी घबराट होते, तर दुसऱ्या घरात पिल्लाच्या तोंडातला चेंडू तसाच बाळाच्या तोंडात जातो. दोन्ही घरांत एकच गोष्ट ठाऊक नसते: प्रत्येक रोगाची येण्याची वाट ठरलेली असते. एक लाळेतून येतो, एक मूत्रातून, एक मातीतून, एक गोचिडीच्या तोंडातून. वाट कळली की ती कोठे अडवायची हे कळते, आणि मग बाकीच्या ठिकाणी निर्धास्तपणे माया करता येते.

प्राणी घरी आणण्याआधी

पहिली पायरी निवडीची आहे आणि ती घाईने उरकू नये. बडोद्याचा उन्हाळा ४२-४३ अंशांपर्यंत जातो. अशा गावात दाट केसांचा हस्की आणणे हा त्या प्राण्यावर अन्याय आहे, कारण तो वर्षातले निदान चार महिने धापा टाकत काढतो. पग, शित्झू यांसारख्या चपट्या नाकाच्या जातींनाही श्वासावाटे शरीराची उष्णता बाहेर टाकणे कठीण जाते. आपल्या गल्लीतले देशी पिल्लू या हवेत जन्मलेले असते, आणि त्याचे लसीकरण व नसबंदी नीट केली तर त्याच्याइतका सोयीचा सोबती शोधून सापडणार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

घरात कोणाला दमा किंवा ॲलर्जी असेल तर प्राणी आणण्याआधी त्या व्यक्तीने ज्या घरी तसा प्राणी आहे तेथे दोन-तीनदा तास-दोन तास बसून पाहावे. मांजराची ॲलर्जी केसांची असते असा सार्वत्रिक समज आहे. प्रत्यक्षात ती त्याच्या लाळेतल्या आणि त्वचेतल्या एका प्रथिनाची असते. मांजर अंग चाटते, ते प्रथिन केसांवर वाळते आणि बारीक धुळीच्या रूपाने घरभर पसरते. मांजर दुसरीकडे दिल्यानंतरही ते काही महिने पडद्यांत आणि गाद्यांत टिकून राहते. म्हणून आधी आणून नंतर सोडून देण्यापेक्षा आधीच पारखून घेणे दोघांच्याही हिताचे असते.

पोपट आणि कासव यांविषयी एक गोष्ट ठामपणे सांगितली पाहिजे. आपल्या जुन्या घरांतून राघूचा पिंजरा असायचा. पण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार देशी पोपट आणि तारा कासव पाळणे हा गुन्हा आहे. बाजारात मिळणारे, डोळ्यांमागे लाल पट्टा असलेले परदेशी कासव अनेक घरांत काचेच्या भांड्यात दिसते. त्याच्या अंगावर आणि पाण्यात साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात आणि लहान मुलांना त्यांपासून तीव्र जुलाब होतात. पाच वर्षांखालील मूल असलेल्या घरात असे कासव ठेवू नये, आणि त्याचे पाणी स्वयंपाकघरातल्या मोरीत कधीही ओतू नये.

पहिला महिना: वही, जंत आणि लसी

घरातल्या प्रत्येक मुलाची लसीकरणाची फाइल असते, तशीच एक वही प्राण्यासाठी पहिल्याच दिवशी करावी. तिच्यात जन्माची अंदाजे तारीख, वजन, जंताच्या औषधाच्या तारखा, लसीच्या बाटलीवरची चिकटपट्टी आणि पुढची तारीख एवढे असले तरी पुरे. घरी आल्यापासून दोन-तीन दिवसांत त्याला पशुवैद्यांकडे न्यावे, आणि तोवर त्याला सोसायटीतल्या इतर कुत्र्यांपासून दूर ठेवावे.

आधी जंतांचे पाहू. कुत्र्याच्या पिल्लात गोल जंत बहुधा जन्मतःच असतात, कारण आईच्या पोटात आणि नंतर दुधातून ते त्याच्यात येतात. म्हणून पिल्लू दोन आठवड्यांचे झाल्यापासून दूध तुटेपर्यंत दर पंधरा दिवसांनी, मग सहा महिन्यांचे होईपर्यंत दरमहा, आणि पुढे दर तीन महिन्यांनी जंताचे औषध देतात. मात्रा वजनावर ठरते, त्यामुळे मागच्या वेळची बाटली पुन्हा अंदाजाने पाजू नये. या जंतांची अंडी विष्ठेतून मातीत पडतात आणि दोन ते चार आठवड्यांनी संसर्ग करण्याजोगी होतात. मातीत खेळलेल्या मुलाने हात न धुता खाल्ले की ती त्याच्या पोटात जातात. अळ्या यकृतापर्यंत, फुप्फुसापर्यंत, क्वचित डोळ्यापर्यंत पोहोचतात. ताजी विष्ठा उचलली तर ही साखळी तेथेच तुटते. शेपटीखाली किंवा अंथरुणावर तांदळाच्या दाण्यासारखे तुकडे दिसले तर ते पट्टकृमीचे असतात, आणि तो कृमी पिसवांमार्फत येतो. अशा वेळी नुसते जंताचे औषध देऊन भागत नाही, पिसवाही घालवाव्या लागतात.

कुत्र्याच्या एकत्रित लसीत डिस्टेंपर आणि पार्व्हो हे पिल्लांच्या जिवावर बेतणारे विषाणूजन्य रोग, यकृतदाह आणि मूत्रातून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस (थोडक्यात लेप्टो) यांपासून संरक्षण असते. पहिली मात्रा सहा ते आठ आठवड्यांच्या वयात देतात, पुढच्या मात्रा तीन-चार आठवड्यांच्या अंतराने सोळा आठवड्यांचे होईपर्यंत चालतात, आणि त्यानंतरचे वेळापत्रक पशुवैद्य आखून देतात. यांतला लेप्टोचा भाग मात्र दर वर्षी घ्यावाच लागतो. मांजराची त्रिगुणी लस वेगळी असते. रेबीजची लस दोघांनाही तीन महिन्यांच्या वयात, त्यानंतर डॉक्टर सांगतील तेव्हा पुन्हा एकदा आणि मग दर वर्षी. मांजर घराबाहेर जात नाही म्हणून त्याला रेबीजची लस नको, हे म्हणणे चुकीचे आहे. एखाद्या दिवशी दार उघडे राहतेच.

रेबीज: येथे सूट नाही

गुजराती शेजारी ज्याला हडकवा म्हणतात तो हा रोग. त्याची लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस जवळपास कधीच वाचत नाही, आणि लक्षणे दिसण्याआधी योग्य उपचार झाले तर तो जवळपास नेहमी टळतो. इतक्या स्पष्ट निवाड्याचा दुसरा रोग मला माहीत नाही. लुई पाश्चर यांनी ६ जुलै १८८५ रोजी एका नऊ वर्षांच्या मुलाला पहिली लस दिली. त्याला आता १४० वर्षे होऊन गेली, तरीही आपल्याकडे चाव्याच्या जखमेवर तिखट, चुना, हळद किंवा तेल लावले जाते. यांतल्या कशानेही विषाणू मरत नाही, उलट जखम चिघळते आणि वेळ वाया जातो.

चावा बसला, नखाचा ओरखडा उठला किंवा फुटलेल्या त्वचेवर लाळ लागली, तर जखम वाहत्या नळाखाली धरून साबणाने १५ मिनिटे धुवावी. घड्याळ लावूनच धुवावी, कारण घाबरलेल्या माणसाला दोन मिनिटेही पंधरा वाटतात. साबण विषाणूचे आवरण फोडतो आणि पाणी त्याला वाहून नेते. म्हणजे उपचाराची सुरुवात आपल्याच मोरीत होते. नंतर आयोडीनचे औषध लावावे, पट्टी घट्ट बांधू नये आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. सरकारी रुग्णालयांत ही लस मोफत मिळते. बडोद्यात त्यासाठी सयाजी रुग्णालयात जाता येते. कातडीत द्यायच्या पद्धतीत ०, ३, ७ आणि २८ या दिवशी मात्रा देतात. पोटात चौदा इंजेक्शने ही गोष्ट कधीच मागे पडली आहे, आणि तिच्या भीतीने मुले चावा लपवतात म्हणून त्यांना हे आवर्जून सांगावे. जखमेतून रक्त आले असेल तर लसीबरोबर जखमेत आणि तिच्याभोवती तयार प्रतिद्रव्याचे, म्हणजे विषाणूला लगेच अडवणाऱ्या प्रथिनाचे, इंजेक्शन द्यावे लागते. ते दिले जात आहे का, हे डॉक्टरांना आपणहून विचारावे.

चावणारा कुत्रा किंवा मांजर ओळखीचे असेल तर त्याच्यावर दहा दिवस लक्ष ठेवतात. याचा अर्थ दहा दिवस वाट पाहून मग लस घ्यायची असा नाही. लस त्याच दिवशी सुरू करायची आणि प्राणी दहा दिवस ठणठणीत राहिला तर पुढच्या मात्रांचे काय करायचे ते डॉक्टर ठरवतात. आपल्याच लस दिलेल्या कुत्र्याने खेळता खेळता दात लावला तरी डॉक्टरांना दाखवावे. ज्यांनी पूर्वी पूर्ण लसीकरण केले आहे त्यांना दोनच मात्रा पुरतात आणि प्रतिद्रव्य लागत नाही. म्हणून जे गल्लीतल्या कुत्र्यांना रोज खाऊ घालतात त्यांनी आगाऊ लस घेऊन ठेवणे शहाणपणाचे आहे.

मुलांना चावणारा कुत्रा पुष्कळदा परका नसून ओळखीचाच असतो. तो जेवत असताना, झोपला असताना किंवा पिल्लांजवळ असताना मुलाने त्याच्याकडे जायचे नाही, हा नियम घरात पक्का हवा. लहान मूल आणि कुत्रा यांना एका खोलीत एकटे सोडू नये, मग तो कुत्रा कितीही गरीब असो.

रोजचा दिवस

सकाळी फिरून आल्यावर दाराशीच एका जुन्या फडक्याने पंजे पुसावेत आणि बोटांच्या मधल्या बेचक्या पाहाव्यात. फिरताना दोन पिशव्या सोबत असाव्यात. एक हातावर चढवून विष्ठा उचलायची, दुसरीत बांधायची. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार गृहनिर्माण संस्थांना पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, हे खरे आहे. पण शेजाऱ्यांशी कायद्याने भांडण्यापेक्षा रोज न चुकता विष्ठा उचलणारा माणूस त्यांचे मन लवकर जिंकतो, असा माझा अनुभव आहे.

कुत्र्याने हात चाटला तर साबणाने हात धुतले की पुरे. तोंड, नाक, डोळे आणि उघडी जखम मात्र त्याला चाटू देऊ नये. कुत्र्या-मांजरांच्या तोंडात काही जंतू स्वाभाविकपणे असतात. धडधाकट माणसाला ते सहसा काही करत नाहीत, पण ज्यांची प्रतिकारशक्ती कमी आहे किंवा प्लीहा काढलेली आहे त्यांच्यात ते रक्तापर्यंत जाऊन जिवावर बेतू शकतात. घरातल्या मधुमेही आजोबांच्या पायाची बधिर बोटे कुत्रा प्रेमाने चाटत असतो आणि तेथे चीर पडली आहे हे आजोबांना जाणवतही नाही. हे दृश्य मी एकाहून अधिक घरांत पाहिले आहे. आजोबांना मोजे घालायला द्यावेत, कुत्र्याला पायांऐवजी हात द्यावा, आणि रात्री त्यांचे तळपाय उजेडात पाहण्याचे काम घरातल्या एकाने घ्यावे.

त्याची ताटली आणि पाण्याचे भांडे रोज साबणाने घासावे, नुसते विसळू नये. बोट फिरवल्यावर आतून बुळबुळीत लागते तो जंतूंचा थर असतो. त्यासाठी वेगळी घासणी ठेवावी. कच्चे मांस खाऊ घालण्याची पद्धत हल्ली पसरत आहे. मी ती सुचवणार नाही, कारण त्यातले साल्मोनेला ताटलीतून, फरशीवरून आणि विष्ठेतून घरातल्यांपर्यंत येतात.

झोपण्याविषयी लोक फार विचारतात. लस झालेला, जंताचे औषध वेळेवर घेणारा आणि गोचीड-पिसवा नसलेला प्राणी निरोगी माणसाच्या पलंगावर झोपला तर बिघडत नाही. दमा असलेल्या माणसाच्या खोलीत मात्र त्याला दिवसाही येऊ देऊ नये. पांघरुणे आठवड्याला गरम पाण्यात धुवावीत आणि कोरडा झाडू मारण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावे. देवघराचे म्हणाल तर आईने आमच्याकडे एक साधा मार्ग काढला: देव वर भिंतीत घेतले. तिला समाधान मिळाले आणि कुत्र्याला रागावण्याचा प्रसंग संपला.

मांजराच्या अंगावर गोल टक्कल पडले आणि घरात कोणाला नायटा उठला तर दोघांचा उपचार एकाच वेळी व्हावा लागतो. फक्त माणसाला मलम लावत राहिल्यास तो पुन्हा पुन्हा येतो. खरजेचेही तेच आहे. पिल्लाच्या नखाच्या ओरखड्यानंतर आठवड्या-दोन आठवड्यांत काखेत किंवा मानेत गाठ आली तर डॉक्टरांना ओरखड्याची आठवण सांगावी.

गोचीड

फिरून आल्यावर मी कुत्र्याला दिव्याखाली आडवा घेतो आणि बोटे केसांच्या उलट दिशेने चालवतो: कानाच्या आत, कानामागची घडी, पट्ट्याखालची मान, काख, बोटांच्या बेचक्या, शेपटीचे मूळ. गोचीड हाताला आधी तिळाएवढ्या खड्यासारखी लागते. मागच्या भाद्रपदात त्याच्या डाव्या कानाच्या घडीत एक राखाडी, वाटाण्याएवढी फुगलेली सापडली. तिच्याभोवतीची त्वचा लाल झाली होती आणि तो कान झटकत होता. भुवयांचा चिमटा त्वचेला टेकवून तिला तोंडाजवळ धरले, पिळे न देता सरळ, सावकाश वर ओढले, आणि ती पायांसकट सुटली. तिला साबणाच्या पाण्याच्या वाटीत टाकले आणि त्या जागी आयोडीन लावले. गोचीड बोटांत चिरडू नये आणि तिच्यावर रॉकेल ओतू नये, कारण तिच्या आतला जंतूंनी भरलेला द्रव आपल्या हातावर किंवा कुत्र्याच्या जखमेत जातो. गुजरातमध्ये २०११ साली साणंद तालुक्यात क्रिमियन-काँगो या रक्तस्रावी तापाचा उद्रेक झाला तोही गोचिडीशीच निगडित होता. ती गुराढोरांवरची वेगळी गोचीड. पण उघड्या हाताने गोचीड न चिरडण्याची सवय सगळीकडेच कामी येते.

कुत्र्यावरची तपकिरी गोचीड रक्त पिऊन खाली पडते, भिंतीवर चढते आणि फटीत अंडी घालते. एक मादी काही हजार अंडी घालू शकते. म्हणजे कुत्र्याच्या अंगावर चार दिसतात तेव्हा खाटेखाली, पडद्याच्या शिवणीत आणि दाराच्या चौकटीत शेकडो असतात. म्हणून उपचार दोन ठिकाणी एकदम करावे लागतात: कुत्र्याला डॉक्टरांनी दिलेली गोळी किंवा मानेवर टाकायचे औषध, आणि घरात फटी बुजवणे, अंथरुणे उन्हात टाकणे व गरज पडल्यास फवारणी. एक इशारा मात्र कायम लक्षात ठेवावा. कुत्र्यासाठीच्या ज्या औषधात परमेथ्रिन असते ते मांजराला विष आहे. एकाच घरात दोघे असतील तर औषधाच्या पाकिटावरचे घटक वाचल्याशिवाय ते उघडू नये.

गोचिडीनंतर कुत्रा मलूल झाला, जेवेना, हिरड्या फिक्या पडल्या किंवा नाकातून रक्त आले तर त्याच दिवशी रक्ततपासणी करावी. घरातल्या माणसाला ताप आणि अंगावर पुरळ आले, तर गोचीड काढल्याचे डॉक्टरांना सांगावे.

पावसाळा, विश्वामित्री आणि लेप्टो

ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस विश्वामित्री नदीचे पाणी गावात शिरले तेव्हा मगरी रस्त्यांवर आल्याची छायाचित्रे देशभर पाहिली गेली. आम्हाला त्या दिवसांत चिंता वाटायला हवी होती ती न दिसणाऱ्या जंतूची. लेप्टोस्पायरा हा जंतू उंदरांच्या, गुरांच्या आणि कुत्र्यांच्या मूत्रातून पाण्यात आणि चिखलात मिसळतो, आणि पायाच्या चिरेतून किंवा डोळ्या-नाकातून शरीरात जातो. सुरत, नवसारी, वलसाडकडे भातशेतीच्या दिवसांत हा रोग दर पावसाळ्यात डोके वर काढतो. आपल्याकडे पूर आला की त्याला तशीच संधी मिळते.

त्या पुरात मी कुत्र्याला घेऊन घोटाभर पाण्यातून अनवाणी चाललो, आणि घरी येऊन वही उघडली तेव्हा त्याची लेप्टोची मात्रा दोन महिने उलटून गेल्याचे दिसले. तारीख लिहिलेली होती, मीच पाहिली नव्हती. आम्ही दोघेही सुखरूप राहिलो, परंतु पुढचे तीन आठवडे त्याच्या लघवीचा रंग आणि आमच्या घरातला प्रत्येक ताप याकडे धास्तीने पाहण्यात गेले. तेव्हापासून लेप्टोची वार्षिक मात्रा आमच्याकडे मेमध्येच, म्हणजे पावसाच्या आधी दिली जाते.

पुराच्या पाण्यात उतरणे भाग असेल तर गुडघ्यापर्यंतचे गमबूट घालावेत आणि जखमा जलरोधक पट्टीने झाकाव्यात. कुत्र्याला शक्यतो उचलून न्यावे आणि साचलेले पाणी पिऊ देऊ नये. घरी आल्यावर दोघांनीही साबणाने अंग धुऊन कोरडे करावे. चिखल काढताना आधी पाण्याने धुवावे, मग ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने पुसावे आणि फरशी कोरडी होईपर्यंत प्राण्याला बाहेर ठेवावे. वाळलेल्या जागी हा जंतू टिकत नाही. लेप्टोची लक्षणे साधारण पाच ते चौदा दिवसांत दिसतात, कधी महिनाही लागतो. अचानक थंडी-ताप, पोटऱ्यांत असह्य दुखणे, डोळे लाल होणे, पुढे कावीळ किंवा लघवी कमी होणे, यांपैकी काही दिसले तर घरी तापाच्या गोळ्या घेत बसू नये. पुरात जास्त वेळ राहिलेल्यांना डॉक्टर प्रतिबंधक औषध देतात, पण ते सर्वांना चालत नाही, म्हणून दुकानातून परस्पर आणू नये. कुत्र्यात ताप, उलट्या, पिवळ्या हिरड्या आणि फार कमी किंवा फार जास्त लघवी ही लक्षणे असतात. आजारी कुत्र्याची लघवी पुसताना हातमोजे घालावेत.

ताटातले आणि औषधाच्या डब्यातले

कुटुंबातला सदस्य म्हणजे आपल्या ताटातला वाटेकरी नव्हे. सेव-उसळीतला कांदा आणि लसूण कुत्र्या-मांजरांच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात, मग तो कच्चा असो वा शिजवलेला. सत्यनारायणाचा शिरा माणसाला प्रसाद आहे. त्यातल्या बेदाण्यांनी कुत्र्याची मूत्रपिंडे बंद पडू शकतात, आणि किती बेदाण्यांनी तसे होईल हे आधी सांगता येत नाही. चॉकलेट आणि साखरेऐवजी झायलिटॉल घातलेले च्युइंगम यांना घरात उंचावर जागा द्यावी. शिजवलेली हाडे फुटून आतड्यात टोचतात. साधा भात, शिजवलेली अंडी, उकडलेली कोंबडी, दुधी आणि गाजर निर्धास्त द्यावे, मीठ-तिखट नको.

तापाच्या गोळीविषयी वेगळे सांगतो, कारण येथे माया जीव घेते. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराला मारू शकते आणि आयबुप्रोफेन कुत्र्याच्या पोटाला व मूत्रपिंडाला इजा करते. माणसाचे कोणतेही औषध पशुवैद्यांना विचारल्याशिवाय देऊ नये.

उन्हाळा आणि उत्तरायण

मे महिन्यात रस्त्यावर हाताचा पंजा पालथा सात सेकंद ठेवून पाहावा. आपल्याला चटका बसत असेल तर त्यालाही बसतो. फिरणे सकाळी सातच्या आत आणि रात्री नऊनंतर व्हावे. कुत्र्याचे नेहमीचे तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असते. जोरात धाप, लाळ, गडद लाल हिरड्या आणि डगमगणे दिसले की त्याच्या अंगावर नळाचे साधे पाणी ओतत पंखा लावावा आणि दवाखान्याकडे निघावे. दवाखान्यात पोहोचेपर्यंत अंग ओले ठेवावे.

उत्तरायणाचे, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांचे, दोन दिवस गच्चीवर मांजराला नेऊच नये. लोंबणारा मांजा मांजराला खेळणे वाटतो. तो गिळला की आतड्याची घडी पडून ते चिरले जाते. तोंडातून किंवा मागून दोरा लोंबताना दिसला तर तो कधीही ओढू नये, तसेच शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांकडे न्यावे. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये नायलॉनच्या मांज्यावर बंदी घातली, तरी सणानंतरचा आठवडाभर जिने आणि बागेचे कोपरे स्वतः तपासावेत. जखमी पशुपक्ष्यांसाठी गुजरातमध्ये १९६२ या क्रमांकावर करुणा रुग्णवाहिका बोलावता येते.

गरोदर स्त्री, तान्हे बाळ आणि वयस्क

सून गरोदर राहिली की मांजराला घराबाहेर काढण्याचा सल्ला पहिल्या आठवड्यात येतो. तो अनावश्यक आहे. टोक्सोप्लाझ्मा हा जीव मांजराच्या विष्ठेतून येतो हे खरे. पण मांजर बहुधा आयुष्यात एकदाच, पहिल्या संसर्गानंतर एक ते तीन आठवडे तो बाहेर टाकते, आणि विष्ठेतला जीव संसर्ग करण्याजोगा व्हायला निदान एक दिवस लागतो. म्हणून मांजराचा वाळूचा डबा रोज साफ व्हावा, आणि ते काम पतीने किंवा सासऱ्यांनी करावे. अर्धे कच्चे मांस, न धुतलेली कोशिंबीर आणि उघड्या हातांनी केलेले बागकाम या वाटाही तितक्याच जपाव्यात.

बाळ घरी येण्याआधी त्याचे अंगडे कुत्र्याला हुंगू द्यावे, पहिल्या भेटीत कुत्रा पट्ट्याने बांधलेला असावा आणि पाळण्याच्या खोलीला दार असावे. वयस्कांसाठी सर्वांत मोठा धोका रोगाचा नसून पडण्याचा असतो: पहाटे अंधारात पायाशी झोपलेला कुत्रा दिसत नाही. जिन्याशी आणि न्हाणीघराशी रात्री एक छोटा दिवा जळत ठेवावा आणि कुत्र्याच्या पट्ट्याला घुंगरू बांधावे.

डॉक्टरांना काय सांगावे

घरात कोणालाही कारण न समजणारा ताप, पुरळ, गाठ किंवा लांबलेला खोकला झाला तर डॉक्टर विचारोत वा न विचारोत, आपण सांगावे: घरी कोणता प्राणी आहे, किती दिवसांपासून आहे, त्याच्या लसी झाल्या आहेत का, तो सध्या आजारी आहे का, आणि गेल्या महिन्यात चावा, ओरखडा, गोचीड किंवा पुराच्या पाण्याशी संबंध आला होता का. पशुवैद्यांनाही घरात तान्हे बाळ, गरोदर स्त्री किंवा केमोथेरपी घेणारा रुग्ण असल्यास ते सांगावे, कारण त्यावरून त्यांचे औषध आणि सल्ला बदलतो. आमच्याकडे ही उत्तरे वहीच्या पहिल्या पानावर लिहिलेली आहेत, खाली पशुवैद्यांचा व रुग्णालयाचा क्रमांक आहे, आणि ती वही मुलांच्या लसीकरणाच्या फाइलींशेजारी त्याच कप्प्यात उभी असते.